चाका चाका: सात महिन्यांची नोंद

चाका चाका या तळाशी दबा धरून बसणाऱ्या मिशाळ माशासाठी (कॅटफिश) टाकी ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरची. तळाला बारीक वाळू, त्यावर बदामाची वाळलेली पानं, एक आडवा ओंडका, वर तरंगत्या वनस्पतींची दाट सावली. पाणी २५ अंश, पीएच ६.८, फिल्टरचा झोत अगदी मंद. आणला तेव्हा मासा ११ सेंटीमीटरचा होता.

दिवस १ ते ९. पानांखाली शिरला आणि तिथून हलला नाही. सपाट, रुंद डोकं, जवळपास तेवढाच रुंद जबडा, मातकट रंग. कुजलेल्या पानांत तो कुठे संपतो हेच कळत नाही. रोज रात्री लाल टॉर्चने फक्त कल्ल्यांची हालचाल बघत होतो. संथ आणि सारखी असली की निश्चिंत झोपायचं.

दिवस १० ते ४०. खायला जिवंत मासे द्यायचे नाहीत हे आधीच ठरवलं होतं. त्यांच्यासोबत रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये थायमिनेज हे जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं. ते वारंवार पोटात गेलं तर ब जीवनसत्त्वांतलं पहिलं, बी१, कमी पडतं. म्हणून लांब चिमट्याने गांडूळ. सुरुवातीला मी ते समोरून थेट तोंडाशी न्यायचो आणि तो मागे सरकायचा. मग वाळूला टेकवून, बाजूने, अगदी सावकाश जबड्याच्या कोपऱ्यापाशी आणलं. बाविसाव्या दिवशी घेतलं! तोंड उघडलेलं दिसतच नाही. पाण्याला हिसका बसतो, वाळू उडते आणि चिमटा रिकामा. पुढे कोळंबी आणि समुद्री माशाच्या पट्ट्याही घेऊ लागला.

तिसरा महिना. इथे माझी चूक झाली. घेतोय म्हणून एका दिवसाआड देत गेलो. एका सकाळी अर्धवट पचलेली कोळंबी वाळूवर पडलेली, पाण्यात घाण कुजून होणारा विषारी अमोनिया ०.५. लगेच ४० टक्के पाणी बदललं, आठवडाभर उपास. दिवसभर निपचित पडून राहणाऱ्या या माशाला फारसं लागतच नाही. आता पाच दिवसांतून एकदा. पोटाची फुगीर रेघ बसली नसेल तर सहाव्या दिवशी.

पाचवा महिना. ज्यासाठी हा मासा पाळला ते दिसलं. गांडूळ चिमट्यातून निसटून त्याच्यापासून बोटभर अंतरावर पडलं. मासा स्थिर, पण जबड्याच्या कोपऱ्यावरच्या आखूड मिशा वळवळायला लागल्या, जणू दोन लहान अळ्या. आमिष दाखवून शिकार जवळ आणायची ती ही पद्धत. मी श्वास रोखून बसलो होतो.

सहावा महिना. ओंडका बदलायला मासा बाहेर काढला. जाळी वापरू नका. छातीच्या पराचे काटे तिच्यात अडकतात. प्लास्टिकच्या डब्यात हळूच वळवून घेतला. डब्यातलं पाणी कमी झालं तसा 'चाका-चाका' आवाज आला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या परिसरातल्या माशांत याचं वर्णन केलं. नाव याच आवाजावरून आहे.

सातवा महिना. काचेवर पट्टी धरून मोजला: १४ सेंटीमीटर. चार दिवसांपासून ओंडक्याच्या डाव्या अंगाला बसतोय. काल रात्री चिमटा पाण्यात उतरताच त्याने डोकं वळवलं. आजवर असं कधी केलं नव्हतं.