आमची वाटचाल : परागाने बुडवलं, परागानेच उभं केलं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचा मध बऱ्याच घरांत जातो, पराग मात्र मोजकेच लोक नेतात. 2006 ला जौरा गावच्या मधमाश्या पाळणाऱ्या दाऊंबरोबर धंदा सुरू केला. माश्यांच्या पेट्या त्यांच्या, गाडी आणि विक्री माझी, लिखापढी काही नाही, आणि आजवर एका पैशाचा वाद नाही. सरसोंचा (मोहरीचा) फुलोरा संपला की पेट्या कोट्याकडे धण्याच्या फुलांवर, पुढे निलगिरीवर न्यायच्या, हे लाईनमधल्या सगळ्यांना माहीतच आहे.

सांगायचंय ते 2015 च्या जानेवारीचं. हवा ढगाळ, सरसोंवर माहू (मावा कीड) पडला आणि आजूबाजूला भर दुपारी फवारणी झाली. संध्याकाळी पेटीच्या गेटपुढे मेलेल्या माश्यांचा सडा, जिभा बाहेर आलेल्या. तेवढ्यावर भागलं असतं तर सावरलो असतो, आत पिल्लं असली की तीन आठवड्यांत नवीन माशी तयार होते. पण जिवंत परतलेल्यांनी पायाला लावून आणलेला पराग आत गेला होता ना! तो मधात कालवून माश्या पोळ्याच्या खणात दाबतात, पिल्लं सांभाळणाऱ्या दाई माश्या तोच खातात आणि त्यावरच पिल्लांना भरवायची जेली बनते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं झाडाच्या रसातून फुलात उतरतात, बियाण्याला चोळलेलं असलं तरी अंश परागात येतो. माशीला मारायला काही नॅनोग्रॅम पुरे, त्याहून कमी गेलं तर ती जगते पण घरची वाट चुकते. फेब्रुवारीभर पेट्या रिकाम्या होत गेल्या, धण्यावर न्यायला धड काही उरलंच नाही.

त्यात परागाचा लॉट लॅबमध्ये फेल. आम्हीच टेस्टला दिला होता, त्यातला एक किलोही विकला नव्हता. तरी इथल्याच एका व्यापाऱ्याने "यांच्या मालात जहर आहे" असं बाजारभर केलं आणि आमची मोठी पार्टी (गिऱ्हाईक) नेली. त्याच्या पेट्या आमच्यापासून किलोमीटरभरावर, त्याच सरसोंवर! टेस्ट केली नाही म्हणून त्याचा माल शुद्ध? आजही डोकं तापतं.

जनकगंजच्या काकू मात्र दुकानात येऊन पुढच्या वर्षाच्या मधाचे पैसे ठेवून गेल्या, "तू तपासून घेतोस म्हणून तुझ्याकडचा" म्हणाल्या. दाऊंनी परागाची एकेक फ्रेम (पोळ्याची चौकट) हाईव्ह टूलने, म्हणजे पेटी उघडायच्या पट्टीने, सुटी केली, चांगला-वाईट सगळा पिवळाच, म्हणून सरसकट काढली, मेणही ठेवलं नाही कारण काही औषधं मेणात मुरतात. वर परागाऐवजी खायला सोयापीठ आणि पिठीसाखरेच्या टिक्क्या ठेवल्या. टोकाला तिरका झिजलेला तो टूल दाऊ अजून वापरतात, नवा दिला तो कपाटात पडलाय.

शेतकरी भावांनो, फुलावर पीक असताना फवारू नका, मारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला फोन करा. आंतरप्रवाही, म्हणजे रसातून झाडभर पसरणारं, औषध असेल तर संध्याकाळीही पूर्ण बचाव नाही. काही बुरशीनाशकं कीटकनाशकात मिसळली की माशीला आणखी जड जातात. युरोपीय संघाने 2018 मध्ये इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन उघड्या शेतात बंद केली ती उगाच नाही. आमच्या माश्यांना दाऊ आहेत, पण बांधावर बीळ करून पिल्लासाठी परागाचा गोळा ठेवणाऱ्या एकट्या रानमाशीला टिक्की कोण देणार?

आता प्रत्येक लॉटचा रिपोर्ट काउंटरवर असतो. ती पार्टी हल्ली भाव विचारते, मी रिपोर्ट पाठवतो आणि त्या व्यापाऱ्याकडूनही मागवा म्हणतो.