पश्चिमेकडे पाठ केलेली विणीची खोली

नागपूरच्या आमच्या घरामागे जी मोकळी जागा आहे, तिला माझ्या सासूबाई अजूनही सांदवाडीच म्हणतात. तिथे सासऱ्यांनी ४० वर्षांपूर्वी बांधलेली सरपणाची खोली होती: १२ फूट लांब, ९ फूट रुंद, वर टीन, पश्चिमेला दार, आणि घरात गॅस आल्यापासून साचत गेलेली अडगळ. गॅलरीतल्या दोन पिंजऱ्यांमध्ये माझ्या झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांची संख्या १४ वर गेली, तेव्हा ही खोली पक्ष्यांच्या विणीसाठी मिळावी असा अर्ज मी घरात केला आणि तो फारशी खळखळ न होता मंजूर झाला. नवे बांधकाम करायचे नव्हते, कारण मंजूर नकाशात मागे सोडायला लावलेली जागा आपल्या मर्जीने भरून टाकता येत नाही. जुन्या चार भिंतींमध्ये काय जमेल, एवढेच पाहायचे होते.

काम सुरू करण्यापूर्वी मी एक पूर्ण वर्ष थांबले, आणि या साऱ्या खटाटोपात मला स्वतःला शहाणपणाचा वाटणारा निर्णय तेवढा एकच आहे. खोलीत एक थर्मामीटर टिनाजवळ आणि दुसरा जमिनीपासून २ फुटांवर टांगला आणि दिवसातून तीनदा शाळेच्या जुन्या वहीत आकडे लिहीत गेले. मे महिन्यातल्या एका दुपारी ३ वाजता बाहेर सावलीत ४४ अंश होते, खोलीत खाली ४३ आणि टिनाजवळ ५२. त्याहून मोठा धक्का दिला तो त्याच रात्री १० वाजताच्या नोंदीने: बाहेर ३५ आणि आत ३९. दिवसभर ऊन खाल्लेली पश्चिमेची भिंत रात्री आत उष्णता ओकत होती आणि छताखाली कोंडलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. पक्ष्याला घाम येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून दूर धरतो. त्याच्या शरीराचे तापमान मुळातच साधारण ४० ते ४१ अंश असते, त्यामुळे हवा तेवढी तापली की धापा टाकून जेवढी उष्णता निघेल तेवढीच, बाकी सारे मार्ग बंद.

या नोंदींमुळे माझ्याकडे जमवलेले बहुतेक आराखडे बाद झाले. ते थंड देशांतले होते. त्यांत ऊब आत कशी कोंडावी, हीटर कुठे लावावा, काचा दुहेरी कशा बसवाव्यात याचाच विचार होता. नागपुरात थंडी पडत नाही असे नव्हे, डिसेंबर २०१८ मध्ये इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. परंतु थंडीच्या त्या मोजक्या रात्री पडदा सोडून निभावतात, तर मार्चअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ कोणत्याही पडद्याने निभावत नाही. म्हणून मी कागदावर सर्वांत वर लिहिले की खोली मे महिन्याच्या दुपारसाठी बांधायची, आणि मग उरलेल्या गोष्टी त्याखाली मांडत गेले.

पक्षी कोणते, हा प्रश्न आधी कायद्याचा आणि मग आवडीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली आपला हिरवा पोपट, मुनिया, मैना यांना पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे, आणि तरीही ‘लाल मुनिया आणून देऊ का’ असे विचारणारे दोघे जण मला आजवर भेटले आहेत. विदेशी पक्षीही सगळे मोकळे नाहीत. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. जावा स्पॅरो त्यांत मोडते. झेब्रा फिंच आणि बजरीगर हा छोटा पोपट मोडत नाहीत, म्हणून मी या दोघांवरच थांबले. बजरीगरला आपल्या बाजारात सर्रास लव्हबर्ड म्हणून विकतात, पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजरीगर आणि झेब्रा फिंच हे दोघे ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातले, जिथे पाऊस पडून गवताला बी धरले की ते घरटी करायला लागतात.

खोलीचे खरे दुखणे पायात होते. नागपूरच्या पुष्कळ भागांप्रमाणे आमच्याकडेही काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावर उथळ पाया घालून उभी केलेली भिंत दरवर्षी थोडी थोडी हलत राहते. नैऋत्येच्या कोपऱ्यात जोत्यापासून वरपर्यंत तिरपी भेग गेली होती आणि तिच्या तळाशी घुशीचे बीळ होते. ज्या खोलीत अंडी आणि पिले ठेवायची, तिथे घुशीला मागच्या दाराने येऊ देऊन चालणार नव्हते. भिंतीलगतची काळी माती २ फूट रुंदीने काढून तिथे मुरूम भरला, पावसाचे पाणी पायाशी न थांबता बाहेर वाहून जाईल असा उतार दिला, भेगेत आडव्या सळया घालून ती सिमेंटने बुजवली. आतली जमीन फूटभर खणून मुरूम ठोकला, त्यावर संपूर्ण खोलीभर जाळी अंथरली आणि जाळीवर पूर्वेकडे उतार असलेला कोबा केला. जाळी जमिनीखाली पुरताना पाहून मिस्त्री न राहवून म्हणाले, “ताई, मानसाच्या खोलीले येवढं कोनी करत नाही, तुमी पाखराईले काहून करून रायल्या?” मी त्यांना बीळ दाखवले. त्यांनी मान हलवली आणि जाळीचे टोक भिंतीला आणखी चार बोटे वर चढवून घेतले, जे माझ्या कागदावर नव्हते आणि असायला हवे होते.

त्यानंतर दिशा बदलली. पश्चिमेचे दार फ्लाय अॅशच्या, म्हणजे कोळशाच्या राखेच्या, विटांनी बंद केले. कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांमुळे या विटा आपल्याकडे सहज मिळतात. त्या भिंतीच्या बाहेर चार इंच जागा सोडून बुरुडाकडून विणून आणलेले बांबूचे तट्टे उभे केले आणि त्यांवर कृष्णकमळाचा वेल सोडला, म्हणजे दुपारचे ऊन आणि लू दोन्ही आधी तट्ट्यावर आदळतात आणि मधल्या फटीतली हवा तापून वर निघून जाते. पूर्वेची ९ फुटांची भिंत मात्र कमरेपर्यंत ठेवून वर जाळी घातली, कारण सकाळचे कोवळे ऊन पक्ष्यांना हवेच असते आणि पावसाची झड आमच्याकडे बहुधा नैऋत्येकडून येते.

सर्वांत जास्त पैसे छताला लागले. मला मनापासून कवेलू (मातीची कौले) हवे होते. परंतु दरवर्षी कवेलू फेरून देणारा माणूस आता मिळत नाही, आणि कवेलूंच्या फटींतून उंदीर आणि त्यांच्या मागोमाग धामण आत उतरते हे लहानपणी माहेरी पाहिलेले आहे. अखेर टीनच ठेवले, त्याला वरून पांढरा रंग दिला आणि खाली ९ इंचांवर तट्ट्यांचे दुसरे छत टांगले. दोहोंमधली पोकळी दोन्ही बाजूंना मोकळी आहे, फक्त बारीक जाळीने बंद, त्यामुळे टिनाखालची हवा वाहत राहते. पुढच्या मे महिन्यात बाहेर ४४ असताना खोलीत तट्ट्याजवळ कूलरशिवाय ४२ आणि कूलर लावल्यावर ३३ अशी नोंद वहीत आली, तेव्हा मी ती दोनदा वाचली.

जाळीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तिथे माझे नुकसान झालेले आहे. खोली होण्याच्या आधीच्या जानेवारीत गॅलरीतल्या पिंजऱ्यात एका मादीने ५ अंडी घातली होती. झेब्रा फिंचची अंडी साधारण १२ ते १४ दिवसांत फुटतात. आठव्या दिवशी मी अंड्याला टॉर्च लावली तेव्हा लालसर शिरांचे कोळ्याच्या जाळ्यासारखे जाळे स्पष्ट दिसत होते. त्याच रात्री एक बोका पिंजऱ्यावर झेपावला. आत त्याला शिरता आले नाही, पण मादी दचकून घरट्याबाहेर पडली आणि मिट्ट काळोखात तिला परत जायची वाट दिसेना. पहाटे मी उठले तेव्हा ती समोरच्या तारांना नखे रोवून तशीच लटकली होती आणि नर खाली भांड्यामागे बसला होता. अंडी हाताला गार लागली. दोन दिवसांनी पुन्हा टॉर्च लावली, तर शिरा विरून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी एक तांबूस वलय उरले होते, म्हणजे आतला जीव गेलेला.

म्हणून आता पूर्वेला जाळीचे दोन पदर आहेत: बाहेर अर्ध्या इंचाची जाड, आत पाव इंचाची बारीक, आणि मध्ये ३ इंचांचे अंतर. मांजर बाहेरच्या जाळीला लटकले तरी आतल्या जाळीवर बसलेल्या पक्ष्यापर्यंत त्याचा पंजा पोहोचत नाही, आणि दिवसा शिक्रा हा शिकारी पक्षी झेपावला तरी तेच. रात्रभर एक झिरोचा दिवा जळतो, ज्याच्या उजेडात दचकलेल्या मादीला निदान घरट्याचे तोंड दिसते. इतवारीच्या लोहा ओळीतून आणलेली नवी जाळी तशीच बसवू नये. तिच्यावरच्या जस्ताचे सुटे कण पक्षी चोचीने खरवडतात आणि त्याने विषबाधा होते. बजरीगर तर तारांवर चोच घासल्याशिवाय राहतच नाही. मी प्रत्येक तुकडा व्हिनेगरने पुसून, ब्रशने घासून, धुऊन काही आठवडे उन्हात ठेवला. दारेही दोन आहेत, आणि त्यांच्यामध्ये ३ फूट बाय ३ फुटांची मोकळी जागा. पहिले दार लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम घरात सर्वांना पाठ आहे आणि तो मोडणारी मी एकटीच आहे.

आतली मांडणी त्या मानाने सोपी झाली. उत्तरेच्या भिंतीला प्रत्येकी २ फूट लांबीचे आठ विणीचे पिंजरे दोन ओळींत आहेत, एका पिंजऱ्यात एकच जोडी. सर्वांत वरचा पिंजरा माझ्या डोळ्यांच्या पातळीपलीकडे जाऊ दिला नाही, कारण जे दिसत नाही त्याकडे दुर्लक्ष होते आणि शिवाय वर उष्मा अधिक असतो. दक्षिणेला ९ फूट लांब आणि ३ फूट रुंद असा उडण्याचा पिंजरा आहे. विणीतून मोकळे झालेले आणि नुकते वेगळे केलेले पक्षी तिथे असतात. बाहेरून आणलेला नवा पक्षी मात्र ३० दिवस या खोलीत येतच नाही, तो घराच्या दुसऱ्या टोकाला गच्चीच्या जिन्याखाली राहतो. बजरीगरच्या पेट्यांना तळाशी उथळ खळगा हवा, नाहीतर अंडी घरंगळतात आणि पिलांचे पाय दोन बाजूंना फाकतात. हे माझ्या सुताराला पटवायला तीन पेट्या वाया गेल्या. फिंचांसाठी अर्ध्या उघड्या लहान पेट्या आणि बोटाएवढे तुकडे केलेला काथ्या पुरतो. लांब काथ्या पायात गुंततो.

दिवसाची लांबी नागपुरात जूनमध्ये साडेतेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरमध्ये ११ तासांहून थोडी कमी असते. गंमत अशी की दिवस मोठे असतात तेव्हाच आपल्याकडे वीण थांबवावी लागते. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी दीड-दोन तास टायमरवर दिवा लावते, पालकांना पिले भरवायला तेवढा वेळ जास्त मिळतो. माझे वेळापत्रक सरळ आहे: तान्हा पोळा (पोळ्याचा दुसरा दिवस) झाला की पेट्या धुऊन उन्हात टाकायच्या, दसऱ्यानंतर लावायच्या आणि होळीच्या सुमारास काढून घ्यायच्या. बजरीगरची अंडी १८ दिवसांनी फुटतात आणि पिले पेटीबाहेर यायला आणखी महिना-सव्वा महिना लागतो, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यानंतर घातलेल्या अंड्यांची पिले थेट एप्रिलच्या तोंडी सापडतात. पेटी काढून घेतली म्हणून जोडी दोन दिवस रुसल्यासारखी फिरते, पण एप्रिलच्या उष्म्यात लाकडी पेटीत कोंडलेली पाच पिले मी पाहू इच्छित नाही.

कूलर उत्तरेच्या खिडकीत आहे आणि तो फक्त कोरड्या हवेत चालतो. पहिला पाऊस झाला की तो बंद, कारण जुलैत तो थंडावा देत नाही, केवळ ओल देतो आणि त्या ओलीने राळे-बाजरीला बुरशी धरते. तेव्हा छताजवळचा एक्झॉस्ट पंखा पुरतो, लाइट गेली तर तो इन्व्हर्टरवर फिरतो. समुद्रफेस बारा महिने टांगलेला असतो, शेवग्याचा पाला आठवड्यातून तीनदा, आणि पिले असताना उकडलेले अंडे टरफलासकट चुरून. बाकी खाण्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे नवे काही नाही. झाडताना मी मास्क लावते आणि आधी पाणी शिंपडते. पिसांची आणि विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की काही जणांची फुप्फुसे कायमची दुखावतात, आणि मला आधीच खडूच्या धुळीचा इतिहास आहे.

पहिल्या हंगामात आठ जोड्यांपैकी पाच जोड्यांनी पिले वाढवली, दोन जोड्यांची अंडी रिकामी निघाली आणि एक जोडी मार्चपर्यंत नुसती भांडत राहिली. प्रत्येक पिंजऱ्याला अडकवलेल्या कार्डावर हे सारे लिहिलेले आहे. या जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाल्यावर मिस्त्री स्वतःहून खोली पाहायला आले, नैऋत्येच्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि बुजवलेल्या भेगेच्या जागी केसाएवढी रेघ त्यांनी बोटाने दाखवली. आम्ही पेन्सिलीने तिच्या दोन्ही टोकांशी तारीख लिहून ठेवली आहे. पोळ्याला ती पुन्हा मोजायची, आणि वाढलेली असली तर पेट्या लावण्याआधी तो कोपरा उकलायचा.