नीलवर पाच रात्री, ओहोटीच्या वेळापत्रकाने

अंदमानच्या बहुतेक सहलींमध्ये नील बेटाच्या वाट्याला एक रात्र येते, पुष्कळदा तीही येत नाही. सकाळच्या बोटीने उतरायचं, भरतपूर, नैसर्गिक पूल (समुद्रकाठची खडकाची कमान) आणि लक्ष्मणपूर रिक्षाने उरकायचं आणि संध्याकाळी परत पोर्ट ब्लेअर. आम्हालाही आधी असाच कार्यक्रम आखून मिळाला होता. पण लग्नाला पंचवीस वर्षं झाली, धाकटी हॉस्टेलला गेली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघंच निघत होतो. रोज उठून बॅगा भरायच्या नाहीत, एवढं एकच ठरलं होतं. म्हणून हॅवलॉक, बाराटांग सगळं गाळलं आणि जानेवारीच्या शेवटी सलग पाच रात्री नीलवर राहिलो. जे कोणी जोडीने, शांतपणे राहायला म्हणून अंदमानला जाणार असतील त्यांनी असंच करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. का, ते सांगते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. नीलचं अधिकृत नाव ३० डिसेंबर २०१८ पासून शहीद द्वीप आहे, आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. पोर्ट ब्लेअरलाही सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम हे नाव मिळालं. तिकिटावर, पाटीवर, नकाशावर यातलं कुठलंही नाव दिसू शकतं, त्यामुळे दोन्ही लक्षात ठेवा. बेटावरची माणसं मात्र अजून सरसकट नीलच म्हणतात. हे नाव ज्या जेम्स नीलवरून पडलं, त्याने १८५७ च्या उठावात अलाहाबाद आणि कानपूरकडे अतिशय क्रूरपणे सूड उगवला होता. हे कळल्यापासून ते नाव तोंडात आलं की मला जरा अडखळायला होतं. इथे तेच वापरतेय, कारण तिथे विचारताना तुम्हालाही तेच वापरावं लागेल.

मुंबई-पुण्याहून पोर्ट ब्लेअरला पोचेपर्यंत बहुधा दुपार होते आणि त्या दिवशी पुढची बोट मिळत नाही. एक रात्र तिथे धराच. ती संध्याकाळ आम्ही सेल्युलर जेलला दिली. तुरुंगाच्या सातपैकी तीन भुजा आता उरल्या आहेत. सावरकरांच्या कोठडीसमोर उभं राहिल्यावर दोघांनाही बोलावंसं वाटेना. १९११ ते १९२१, दहा वर्षं. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते. इतक्या लांब येऊन मराठी माणसाने हे न बघता पुढे जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. खाजगी वेगवान बोटी साधारण तास-दीड तासात नीलला पोचवतात. त्या बंद, वातानुकूलित असतात, खिडकीतून समुद्र बघायचा. सरकारी बोट हळू जाते, पण स्वस्त पडते आणि डेकवर उभं राहता येतं. तिची तिकिटं लवकर संपतात. आम्ही जाताना खाजगीने गेलो. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या भागातली जागा मागून घ्यावी आणि पोट अगदी रिकामं ठेवू नये. माझं काम आल्याच्या वड्यांवर भागलं. तिकिटासाठी जे ओळखपत्र दिलं असेल तेच जवळ ठेवा, धक्क्यावर तपासतात.

बेट एवढंसं आहे. स्कूटरवर न थांबता निघालात तर अर्ध्या तासात या टोकाहून त्या टोकाला. गावांची नावं ऐकून आधी मौज वाटते: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. १९६० च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी दिल्या गेल्या. त्यांनी जंगल साफ करून जी शेती उभी केली, तिच्यातून आज अंदमानातल्या बाजारांत भाजी जाते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वांगी, केळी, सुपारी, दारात तुळस, परसात तळं. हिंदी सगळ्यांना येतं, पण आपापसात सगळे बंगालीच बोलतात.

आम्ही सीतापूरच्या बाजूला बांबूच्या साध्या झोपडीत उतरलो. पंखा, मच्छरदाणी, गरम पाणी सांगितल्यावर बादलीने. एसी आणि मोठ्या खिडक्या हव्या असतील तर तशी हॉटेलंही बेटावर आहेत, पण आम्हाला रात्री लाटांचा आवाज हवा होता. वीज अधूनमधून जाते. डासांसाठी आणि वाळूतल्या बारीक माश्यांसाठी अंगाला लावायचं मलम घरूनच न्या. त्या माश्या चावताना कळत नाही, रात्री मात्र घोट्याभोवती खाज सुटते.

आता मुख्य गोष्ट. नीलवर दिवस घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. भरतपूरचं स्नॉर्केलिंग आणि काचेच्या तळाच्या होड्या यांना पाणी भरलेलं लागतं. लक्ष्मणपूर नंबर दोन या किनाऱ्यावरचा नैसर्गिक पूल बघायला पाणी उतरलेलं लागतं, नाहीतर खडकांवरून तिथवर जाताच येत नाही. तीन तासांसाठी आलेल्या माणसाला यातलं एक काहीतरी गमवावं लागतं. माझा नवरा दापोलीकडचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्याला लहानपणापासून पाठ. चतुर्दशी म्हणजे चौदाची पाऊणपट, साडेदहा. त्या हिशेबाने आम्ही साडेदहाला भरतपूरला गेलो, तर पाणी उतरायला लागून तास-दीड तास झालेला. तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, तिथे चालत नाही. झोपडीच्या मालकीणबाईंना विचारलं तर त्यांनी चंद्राकडे बघून पुढच्या चार दिवसांच्या वेळा सांगितल्या आणि त्या तंतोतंत जमल्या. तुम्ही पोचल्या पोचल्या हेच करा. राहता त्या घरी विचारा, वेळा कागदावर लिहून घ्या आणि मग बाकीचं ठरवा.

नैसर्गिक पूल आम्ही पौर्णिमेच्या दुपारी पाहिला. उधाणाच्या दिवसांत पाणी जितकं चढतं तितकंच खालीही जातं, त्यामुळे खडप दूरवर उघडं पडलं होतं. पुलाखाली फोटो काढणाऱ्यांची रांग असते. फोटो काढा, पण मग पुढच्या डबक्यांकडे जा आणि एका जागी दहा मिनिटं उकिडवं बसा. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात खेकडा असतो. काळी समुद्रकाकडी वाळूवर हलके हलके सरकताना दिसते. खडकात रुतलेल्या मोठ्या शिंपल्याची जांभळी-निळी किनार सावली पडताच मिटते. बोटाएवढे मासे डबक्यात अडकून भरतीची वाट बघत असतात. आम्ही दीड तास तिथे होतो, आणि आमच्या लक्षात आलं की इतका वेळ दोघांनी मिळून एकच गोष्ट न बोलता बघितलीय, असं कितीतरी वर्षांत झालं नव्हतं.

पायात काय घालायचं ते मात्र काळजीपूर्वक ठरवा. मी साध्या चपलेवर गेले, शेवाळावरून घसरले आणि मेलेल्या प्रवाळाच्या धारेने तळव्याला चांगली चीर पडली. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही आणि चिघळते. गोड्या पाण्याने ती नीट धुऊन मलमपट्टी केली, तरी दोन दिवस समुद्रात उतरता आलं नाही. मागे पट्टा असलेले, पाण्यात चालणारे रबरी बूट घ्या आणि जंतुनाशक जवळ ठेवा. आणि पाय ठेवायचा तो उघड्या वाळूवर किंवा खडकावर, जिवंत प्रवाळावर कधीच नाही.

प्रवाळाबद्दल खरं ते सांगायला हवं. फोटोतले रंग मनात धरून भरतपूरला गेलात तर किनाऱ्याजवळचा बराच भाग करडा, मोडलेला दिसेल. २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापला आणि अंदमानात मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरं पडलं, बरंचसं मेलं. पहिल्या पाच मिनिटांत मला वाईट वाटलं. पण थोडं आत गेल्यावर जिवंत ठिगळं लागतात आणि मासे तर भरपूर: पोपटमासे प्रवाळ कुरतडताना पाण्याखाली कुरकुर असा आवाज चक्क ऐकू येतो. पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट आणि वाटाड्या घेऊन जाता येतं. सकाळी भरती असेल तेव्हा, वारा सुटायच्या आत जा. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून अनोळखी खाडीच्या तोंडाशी किंवा अंधार पडल्यावर पाण्यात उतरू नका. जीवरक्षक किंवा गावकरी नको म्हणाले तर वाद घालू नका.

सूर्याची सवयही बदलावी लागते. घड्याळ आपलंच असलं तरी बेट पार पूर्वेला आहे. जानेवारीच्या शेवटी पावणेसहाच्या आसपास उजाडतं आणि सव्वापाचला सूर्य बुडतो. पाच वाजता चहा पिऊन निघू म्हणाल तर सूर्यास्त चुकला. आम्ही साडेपाचला उठायचो, सीतापूरच्या पुळणीवर सूर्य बघायचो, आठला पुरी-भाजी आणि दुपारी जेवून झोप. रात्री नऊला बेट झोपलेलं असतं, आपणही झोपतो.

यातच मला सहलीतली सर्वांत सुंदर संध्याकाळ मिळाली. लक्ष्मणपूर नंबर एकचा किनारा पश्चिमेला आहे, सीतापूरचा पूर्वेला. पौर्णिमेला सूर्य बुडतो त्याच सुमारास चंद्र उगवतो, त्यामुळे एकच काहीतरी बघता येतं. दुसऱ्या दिवशी, वद्य प्रतिपदेला, चंद्र पाऊण-एक तासाने उशिरा येतो. तेवढ्या वेळात बेट ओलांडता येतं. आम्ही लक्ष्मणपूरला सूर्य पूर्ण बुडेपर्यंत बसलो, मग स्कूटर काढली. रस्त्यावर दिवे नव्हते, घराघरातून शंख वाजत होता, माशांच्या कालवणाचा वास येत होता. सीतापूरला पोचलो तेव्हा समुद्र काळा होता. काही मिनिटांनी क्षितिजावर तांबूस डाग उमटला आणि बघता बघता आख्खा चंद्र पाण्यावर आला. किनाऱ्यावर आम्ही दोघं आणि एक कुत्रा. नवरा म्हणाला, "आईला दाखवायला हवं होतं." सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. भरतीचं ते पाऊणपटीचं गणित त्याला त्यांनीच शिकवलेलं. तो बराच वेळ त्यांच्याबद्दल बोलत राहिला, मी ऐकत होते. तेव्हा शक्य असेल तर पंचांग बघून जा. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पोचून दोन दिवस नंतर निघालात तर ओहोटीही चांगली मिळते आणि हा चंद्रही.

खाण्याची चिंता नको. बाजारातल्या छोट्या खानावळीत डाळ, भात, भाजी आणि ताजा मासा मिळतो. सकाळी सांगून ठेवलंत तर संध्याकाळी हवा तो मासा बनवून देतात, आयत्या वेळी गेलात तर जे उरलं असेल ते. शाकाहारी माणसाचंही छान भागतं, भाज्या तिथल्याच आहेत. तिखट कमी वाटलं तर घरची चटणी न्या. शहाळं मिळेल तिथे प्या. स्कूटर दिवसाला साधारण पाचशे रुपये, पेट्रोल वेगळं. सायकलने फिरलात तर अजून छान. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच काढून आणा. एटीएम बंद असणं आणि मोबाइलची रेंज जाणं, दोन्ही आम्ही अनुभवलं.

त्या रेंजमुळेच शेवटचा दिवस विसकटला. परतीची बोट दुपारची होती आणि सकाळच्या भरतीला भरतपूरला पुन्हा उतरायचं, पाय बरा झालाय तर निवांत पोहायचं, असं मी मनात धरून होते. बोटीची वेळ बदलून सकाळची झाल्याचा संदेश आदल्या दुपारीच आला होता, फोनला रेंजच नव्हती. रात्री मालकीणबाईंच्या मुलाने सांगितलं म्हणून बोट चुकली नाही. मला फार हळहळ वाटली. निघायच्या आदल्या दिवशी स्वतः धक्क्यावर जाऊन वेळ विचारून या. हवा बिघडली तर बोटी रद्दही होतात, म्हणून विमानाच्या दिवशी नीलहून निघण्याचा बेत कधीच करू नका. आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. पावसाळी महिने आणि वादळी हवेचे नोव्हेंबर-डिसेंबर टाळता आले तर जानेवारी ते एप्रिल उत्तम.

किनाऱ्यावरून काही उचलून आणू नका. शंख, प्रवाळाचा वाळलेला तुकडा, काहीच नाही. कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासून काढून घेतात. रिकामा दिसणारा शंख कुणा खेकड्याचं पुढचं घर असतो, हे डबक्यापाशी बसल्यावर मुद्दाम कुणी सांगावं लागत नाही.

सकाळी धक्क्यावर पोचलो तेव्हा भरती होती. बोट यायला अर्धा तास होता. नीलच्या धक्क्याखालचं पाणी इतकं नितळ आहे की खांबांभोवती फिरणारा माशांचा थवा वरून स्पष्ट दिसतो. बॅगा बाजूला ठेवून आम्ही कठड्यावर वाकून ते बघत होतो. मला भरतपूर हुकल्याचं दुःख होतं, ते नवऱ्याला माहीत होतं. "हा बघ, पोपटमासा," तो म्हणाला. खांबाला तोंड लावून एक हिरवा-निळा मासा कुरतडत होता. वरून आवाज येत नव्हता, पण तो कसा येत असेल ते आता दोघांनाही ठाऊक होतं.