आजीची फुकणी आणि माझ्या नळ्या

संक्रांतीला साक्रीला घरी गेलो होतो. शेतातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या काढून झालेल्या, म्हणजे भरीत ठरलेलंच. गॅसवर भाजलेल्या वांग्याला आजी भरीत म्हणतच नाही.

फुंकायचं काम माझ्याकडे होतं. गप्पांच्या नादात लोखंडी फुकणीचं टोक निखाऱ्यात राहून गेलं आणि नंतर मी ती मधोमध धरली. चांगलाच चटका बसला. तोंडाकडचं टोक मात्र अजून गारच! कार्बन नॅनोट्यूबमधून, म्हणजे कार्बनच्या अणूंच्या अतिसूक्ष्म नळ्यांमधून, उष्णता कशी वाहते यावर तीन वर्षं घासणाऱ्या माणसाची ही अक्कल.

आजीला मग सांगत बसलो. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहून नेतात. माझ्या नळ्यांत ते काम अणूंची थरथर करते, आम्ही तिला फोनॉन म्हणतो. नळीची भिंत एकाच अणूच्या जाडीची. कार्बनचा अणू हलका, आणि तीन शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला. एकानं अंग झाडलं की पुढचा लगेच हलतो, आणि ती लहर न विस्कटता लांबवर जाते. (लांब म्हणजे आमच्या हिशेबानं, अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग!) लोखंडाची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला साधारण 80 वॅट, तांब्याची 400. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात 2001 मध्ये एकच नळी अधांतरी टांगून मोजली, तर 3000 च्या वर भरली.

आजीनं वांगं उलटवलं. "मंग तुम्ही लोके त्यासना तवा काबर नही बनाडतस?"

नेमकं तिथंच तर घोडं अडलंय. मी कोपऱ्यातल्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्याकडे बोट दाखवलं. काड्या शेकडो, पण एकमेकींना टेकतात त्या टिचभर जागी. नळ्यांचंही तसंच. नळीच्या आत अणू घट्ट बांधलेले, पण दोन नळ्या नुसत्या एकमेकींवर रेललेल्या. थरथर सांध्यापर्यंत सुसाट येते आणि तिथंच अडते. अशा गुंताळ्याची वाहकता इतकी घसरते, की तो चक्क उष्णतारोधकासारखा वागतो. प्लॅस्टिकमध्ये मिसळल्या तरी नळी आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये हेच दुखणं. म्हणून आम्ही नळ्या एका दिशेला, उभ्या पिकासारख्या वाढवायला बघतो. तरी ज्या चिपची उष्णता बाहेर काढायची, तिला टोकं नीट चिकटायला हवीत. माझी तीन वर्षं त्या टोकांवरच गेली.

आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग भाऱ्यातल्या चार काड्या ओढून निखाऱ्यावर आडव्या न टाकता शेजारी शेजारी नीट रचल्या, आणि फुकणी माझ्या हातात न देता स्वतःच उचलली.