माझं मत पॉल मॅकग्राला

आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला सर्वांत थोर फुटबॉलपटू कोण, यावरून मामा आणि मी दर पावसाळ्यात भांडतो. पावसाळ्यातच, कारण तेव्हा गोव्यात आमच्या साखळी गावाकडच्या मळ्यांत भात उभं असतं, मी फुटबॉल शिकवते त्या मुलींचा सराव बंद पडतो आणि जुने सामने पुन्हा पुन्हा बघायला फुरसत मिळते. मामा मधल्या फळीतल्या रॉय कीनचा, मावसभाऊ फॉरवर्ड रॉबी कीनचा आणि मी बचावपटू पॉल मॅकग्राची. का, ते एकदा नीट लिहून काढायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी रॉबी. मावसभाऊ 146 सामने आणि 68 गोल हे दोनच आकडे सांगतो आणि गप्प बसतो. 2017-18च्या हंगामात रॉबी कोलकात्याच्या एटीके क्लबकडून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, खेळून गेला, तेव्हापासून तर तो त्याला आपल्याच गावचा वाटतो. यातले बरेच गोल दुबळ्या संघांविरुद्धचे, असं म्हणून रॉबीला बाजूला सारणारे लोक मला आवडत नाहीत. 2002च्या विश्वचषकात जर्मनीनं अंतिम सामन्यापर्यंत फक्त एक गोल खाल्ला होता. जर्मन गोलकीपर ऑलिव्हर कानला चकवून भरपाई वेळेत तो गोल करणारा हाच. त्याच स्पर्धेत स्पेनविरुद्ध सामना संपता संपता मिळालेली पेनल्टी त्यानंच मारली. 2009मध्ये विश्वचषकाच्या पात्रता लढतीत पॅरिसला फ्रान्सविरुद्ध त्याच्याच गोलामुळे लढत जादा वेळेत गेली, आणि मग आँरीचा तो हात आला: थिएरी आँरीनं चेंडू हातानं अडवून पुढे दिला, त्यावर गोल झाला आणि आयर्लंड बाहेर पडलं. त्या हाताचा राग मला आजही येतो.

पण गोल मोजता येतात, हेच या वादातलं दुखणं आहे. मी शाळेत असताना स्टॉपर बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळायचे. आमच्या गावागावांतल्या स्पर्धांत सर्वाधिक गोल करणाऱ्याला चषक असतो, उत्कृष्ट गोलकीपरलाही काही ना काही मिळतं. बॅकच्या वाट्याला मात्र ‘बरी खेळली गो’ एवढंच. न झालेले गोल कुठल्या वहीत लिहायचे? मॅकग्राच्या नावावर 83 सामने आणि 8 गोल आहेत. हे वाचून कुणाला काहीच कळणार नाही. त्यासाठी 18 जून 1994चा सामना बघावा लागतो.

अमेरिकेतला विश्वचषक, न्यूयॉर्कजवळचं जायंट्स स्टेडियम, समोर इटली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. मामानं तो सामना जागून पाहिला होता, मी कित्येक वर्षांनी पडद्यावर पाहिला. अकराव्या मिनिटाला रे हाउटननं लांबून चेंडू गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. उरलेला सगळा वेळ इटलीचा दबाव होता. रोबेर्तो बाज्जो तेव्हा युरोपातला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून गौरवलेला, जोडीला सिन्योरी. आणि त्यांच्यासमोर 34 वर्षांचा मॅकग्रा. गुडघ्यांवर इतक्या शस्त्रक्रिया झालेल्या की क्लबमध्ये आठवडाभर त्याला धड सराव करता यायचा नाही. त्या दिवशी तर खांद्याच्या दुखण्यामुळे एक हातही जेमतेम हलत होता. उन्हाचा कडाका वेगळाच.

तो धावतो कमी, हे आधी डोळ्यांत भरतं. चेंडू कुठे पडणार हे त्याला फॉरवर्डच्या आधी कळलेलं असतं, आणि तो तिथे उभा असतो. मी मुलींना हाच सामना दाखवते आणि सांगते, चेंडूकडे बघू नका, याच्या पावलांकडे बघा. तो कधी मागे सरकतो, कधी पुढे येतो, शेजारच्या तरुण फिल बॅबला हातानं कुठे ढकलतो. उत्तरार्धात एकदा तर लागोपाठ अडवणूक करून शेवटी त्यानं चेंडू सरळ चेहऱ्यावर घेतला आणि उठून पुन्हा जागेवर गेला. आयर्लंड 1, इटली 0. हीच इटली पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोचली.

तो बॅकच होता असंही नाही. आयर्लंडचा तेव्हाचा प्रशिक्षक जॅक चार्लटन यानं त्याला कितीतरी वेळा मधल्या फळीत खेळवलं. 1988च्या युरो स्पर्धेत श्टुटगार्टला इंग्लंडला 1-0 हरवलं तेव्हा तो मध्येच होता. 1990च्या विश्वचषकात आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीत पोचलं, तेही निर्धारित वेळेत एकही सामना न जिंकता. जेनोआत रुमानियाविरुद्ध गोलकीपर पॅकी बॉनरनं अडवलेली पेनल्टी सगळ्यांना आठवते आणि आठवायलाच हवी. ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्यात गोलकीपरचं मोल कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या स्पर्धेतल्या पाच सामन्यांत मिळून आयर्लंडनं तीनच गोल खाल्ले, आणि त्यात मॅकग्राचा वाटा मोठा आहे.

त्याचं आयुष्य फार कठीण गेलं. जन्म लंडनचा, आई आयरिश, वडील नायजेरियन. लहानपण डब्लिनच्या अनाथाश्रमांत. पुढे दारूनं त्याला धरलं. हे सगळं त्यानं स्वतःच्या आत्मचरित्रात उघडपणे लिहिलं आहे. या व्यसनापायी काही सामने हुकले, आणि मामा नेमकं तिथे बोट ठेवतो. म्हणतो, “ज्याचा भरवसा नाही, त्याला थोर कसं म्हणायचं गो?”

मामाचं म्हणणं मी हलकं घेत नाही. रॉय कीननं 1 सप्टेंबर 2001ला डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर नेदरलँड्सविरुद्ध जे केलं ते त्यानं मला कितीदा तरी दाखवलंय. पहिल्याच मिनिटात त्यांच्या ओव्हरमार्सवर असा काही तुटून पडला की सगळं मैदान जागं झालं. पुढे गॅरी केलीला बाहेर काढलं, दहाजण उरले, तरी मॅकअटीरच्या गोलावर आयर्लंड जिंकलं आणि नेदरलँड्सची विश्वचषकाची वाट बंद झाली. त्या दिवसाचा रॉय कीन कुणापेक्षाही कमी नव्हता. पण त्याच विश्वचषकाआधी सायपान बेटावर प्रशिक्षक मिक मॅकार्थीशी भांडण होऊन तो घरी परतला. सरावाच्या व्यवस्थेबद्दलची त्याची तक्रार रास्त होती असं मला वाटतं. तरीही सर्वांत मोठ्या स्पर्धेत संघ त्याच्याविना खेळला, हे राहतंच. मॅकग्राचे हुकलेले सामने मोजायचे, तर हेही मोजावे लागतील.

जॉर्ज बेस्टचं नाव कुणीतरी काढतंच. तो उत्तर आयर्लंडचा. बेलफास्ट आणि डब्लिनच्या संघटना वेगळ्या, संघ वेगळे. आणि एकत्र धरायचं म्हटलं तरी देशासाठी 37 सामने आणि 9 गोल, विश्वचषक एकही नाही. खेळाडू म्हणून तो या सगळ्यांच्या वर असेल. मी देशाच्या जर्सीतल्या कामाबद्दल बोलते आहे.

माझ्या मुली मात्र या वादात केटी मॅकेबचं नाव घेतात, कारण तिला त्यांनी खेळताना पाहिलं आहे. 2023मध्ये पर्थला कॅनडाविरुद्ध तिनं कॉर्नरवरून सरळ जाळ्यात मारलेला गोल हा आयर्लंडच्या महिलांचा विश्वचषकातला पहिलाच गोल. मैदानावर दोघीतिघींनी तसा कॉर्नर मारायचा ध्यासच घेतला आहे. मॅकेब अजून खेळते आहे, म्हणून तिचा निवाडा मी राखून ठेवते.

खरी ओढाताण माझी दुसऱ्या क्रमांकावरून होते. तिथे मामा रॉयला बसवायला तयार आहे, म्हणजे मॅकग्राला पहिला मानायलाही जवळपास तयार आहे. मी तिथे लियाम ब्रेडीला ठेवते. 72 सामने, डावा पाय असा की इटलीतल्या युवेंटससारख्या क्लबनं त्याच्या हाती मधली फळी दिली, आणि 1981, 1982 अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं मिळवली. 1987मध्ये डब्लिनला ब्राझीलविरुद्ध एकमेव गोल त्याचाच. 1988च्या युरोसाठी संघाला पोचवण्याच्या खटपटीत तो होता, पण बल्गेरियाविरुद्ध लाल कार्ड मिळालं, मग दुखापत झाली, आणि एकही मोठी स्पर्धा त्याच्या वाट्याला आली नाही. मामा म्हणतो, स्पर्धा न खेळलेल्याला दुसरा क्रमांक द्यायचा तर बेस्टनं काय घोडं मारलं? यावर माझं उत्तर एवढंच की ब्रेडी देशासाठी बेस्टच्या जवळपास दुप्पट सामने खेळला. मामाला ते पटत नाही.