नाव काहीही टाका

मे महिन्यात परभणीत बारा ते चार रस्त्यावर दिसतो तो एक तर कुल्फीवाला, नाही तर डोक्यावर परिणाम झालेला माणूस. त्या दिवशी मी कुल्फी विकत नव्हते. डोक्यावरून पदर, वर छत्री, हातात फोन, अशी गांधी पार्काकडे मोबाइलच्या दुकानात निघाले होते. सकाळपासून फोन येत होते, जात होते, पण नेट बंद.

कंपनी बदलली होती ना! जुन्या कंपनीची रेंज आमच्या घरात उंबऱ्याच्या आत येत नसे. यायची ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला, तिथेही टाकीला पाठ टेकून उभं राहिलं तर. नऊ वर्षं मी सगळ्या बातम्या त्या टाकीला टेकून ऐकल्या. ओरडून बोलायची सवय लागली ती वेगळीच. भाचीची सोयरीक जमली ते आमच्या ह्यांच्या आधी शेजारच्या काकूंना कळलं, आणि त्या पेढे मागायला खाली येऊन थांबल्या.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली २० जानेवारी २०११ला. मला बदलायला इतकी वर्षं लागली, यात कंपनीवरचं प्रेम काही नाही. मला मुळात बदलवतच नाही. किराणा एकाच दुकानातून, ब्लाउज एकाच शिंप्याकडे, आणि तो दर वेळी बाही घट्ट शिवतो. शिवाय मनात धाकधूक, की नंबर मध्येच कुठे हरवला तर? माझा नंबर गिरणीत जाणाऱ्या दळणाच्या डब्यावर नेलपॉलिशने लिहिलाय, दूधवाल्याच्या वहीत आहे, बहिणीच्या फडताळाच्या दारावर आतून पेनने कोरलाय. आता तो डबा खरवडत कोण बसणार?

पण शेवटी केलं. १९०० या नंबरावर पोर्टचा मेसेज पाठवला, आठ अक्षरांचा कोड आला, चार दिवसांत वापरला नाही तर तो वाया. मी तो कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली लिहून ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे जुनं कार्ड निमूटपणे गेलं. नवं घातलं. पहिलाच फोन बहिणीचा, आणि तो मी चक्क स्वयंपाकघरात, पोळी लाटता लाटता घेतला. तो आनंद दुपारपर्यंत टिकला.

दुकानातला पोरगा माझाच विद्यार्थी निघाला. आठवीत मागच्या बाकावर बसून खिडकीतून बाहेर बघायचा. आता त्याच्या समोर मी मागच्या बाकावरची.

"बाई, फोन लागायलाय ना? मग सिमचं काही नाही. एपीएन बसलं नाही."

"म्हणजे काय रे?"

"बोलायचा रस्ता वेगळा, नेटचा वेगळा. नेटवाल्या दारात जाऊन त्याच दाराचं नाव बरोब्बर सांगावं लागतं. एक अक्षर चुकलं की आत घेत नाही."

एरवी नवं सिम घातलं की फोन हे आपलं आपण भरून घेतो म्हणे. माझ्या म्हाताऱ्या फोनला ते जमलं नव्हतं. त्याने सेटिंगमध्ये आत, अजून आत जाऊन एक लांबलचक यादी उघडली. नाव, एपीएन, प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड... प्रत्येकासमोर 'सेट नाही', 'सेट नाही'. मी 'पोर्ट' शब्दावर बोट ठेवलं. "हे बघ! सेट नाही म्हणतंय. तीन दिवस झाले पोर्ट करून!" तो हसला नाही. लहानपणी मी त्याच्या उत्तरांना हसले नव्हते, त्याची ही परतफेड असावी. "बाई, हे पोर्ट वेगळं. ते रिकामंच राहू द्यायचं." खाली एमसीसीसमोर मात्र आधीच ४०४ भरलेलं होतं. तो देशाचा क्रमांक. भारताच्या वाट्याला ४०४ ते ४०६ आलेत. नेटवर एखादं पान सापडलं नाही की तेही ४०४च दाखवतं. आपल्याच नशिबात हा आकडा कसा, असा विचार करत मी स्टुलावर बसले. पंखा गरम हवा फेकत होता.

दारात जाऊन नाव सांगायचं म्हटल्यावर मला जिंतूरकडच्या आमच्या गावातली आजी आठवली. वाड्याचं दार दिवेलागणीला बंद. कडी, आणि कडीच्या मागे भिंतीच्या भोकात सरकवायचा लाकडी अडसर. उन्हाळ्यात आम्ही पोरं देवळाकडून उशिरा परतायचो. लाइट गेलेली. मी दार ठोठवायची.

"कोन हाय?"

"मी."

"मी कोन? मीला नाव न्हाई का?"

आवाज ओळखीचा आहे हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तरी 'मी' म्हटलं की अडसर हलायचा नाही. माझं नाव, मग बापाचं नाव, मग कोणत्या वाड्यातली, एवढं म्हणून झालं की आत लाकूड घासल्याचा आवाज यायचा. तो आवाज अजून कानात आहे: आधी कर्र, मग कडीची साखळी दारावर आपटून खण्ण. रात्री पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हा तिचा आणखी एक कायदा. एकदा धाकटा काका शेवटच्या एसटीने आला. घसा बसलेला. त्याने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, पण घोगऱ्या आवाजात. आजीने आतून सांगितलं, "माझं पोरगं असं बोलत न्हाई." काका मारुतीच्या पारावर झोपला. सकाळी तिनेच त्याला दुधात हळद घालून दिली आणि वर त्यालाच बोलली, की घसा का बसवून घेतलास.

"बाई, नाव काय टाकू?"

"म्हणजे? तूच म्हणालास बरोब्बर असावं लागतं."

"ते खालचं, एपीएन. त्यात कंपनीनं दिलेलंच टाकावं लागतं. वरचं नाव नुसतं आपल्या ओळखीसाठी. काहीही टाका."

मी फोन घेतला आणि टाकलं, 'मी'. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. बाईंना ऊन लागलं असं त्याला वाटलं असणार. खालचं नाव त्याने स्वतः टाइप केलं, सगळं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. मग मी घाईने मागे जायचं बटण दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून सेव्ह करायचं असतं. 'पेपर देताना नाव लिहिलंय का ते बघा' असं मी पंचवीस वर्षं पोरांना सांगत आलेय. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा 'मी'. ठिपके, सेव्ह, विमानाचं चित्र दाबून नेटवर्क बंद, तेच पुन्हा दाबून चालू.

आणि फोन थरथरायला लागला. एकोणसाठ मेसेज. त्यांतले निम्मे सुप्रभात. दुपारचे तीन वाजले होते. पोराने पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी मला एक थंड पाण्याचा ग्लास दिला, तो मी उभ्यानेच प्याले.

संध्याकाळी बहिणीचा परत फोन आला. तिला कंपनी बदलल्याचं माहीतच नव्हतं. नंबर तोच, मग माहीत होणार कसं? सांगावं असं वाटलं, पण ती लोणच्याच्या कैऱ्यांविषयी बोलत होती. कैऱ्यांचे भाव संपेपर्यंत लक्षात आलं, की मी चपला घालून गच्चीवर, टाकीला टेकून उभी आहे. टाकी अजून गरम होती. खाली घरात आता चांगली रेंज आहे. पण वर वारं सुटलं होतं, म्हणून मग तिथेच बोलत राहिले.