पुढचं क्रियापद

१८ डिसेंबर २०२१. शनिवार होता आणि दत्तजयंती होती. सदाशिव पेठेत आमच्या क्लासच्या मागच्या गल्लीतल्या देवळात दुपारपासून भजन चालू होतं. खिडक्या लावून घ्यायची सोय नव्हती. दीड वर्ष पडद्यावर शिकवल्यानंतर वर्ग नुकताच पुन्हा प्रत्यक्ष भरू लागला होता आणि हवा खेळती ठेवायची होती. अकरा मुलं, मास्क लावून, एकाआड एक बाकावर.

मी पुण्यात बावीस वर्षं जपानी शिकवते आहे. एवढ्या काळात शेकडो हाप्प्यो ऐकले. हाप्प्यो म्हणजे वर्गासमोर उभं राहायचं, कागद न वाचता दहा मिनिटं जपानीत बोलायचं आणि मग प्रश्नांना उत्तरं द्यायची. त्या दिवशीचा विषय होता ‘मला आवडलेली एक गोष्ट’. बहुतेक जण या विषयाला लोककथा निवडतात.

शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाने गुरुवारी फोन केला होता. “सेन्सेई, गेमवर बोललं तर चालेल का?”

हा मुलगा दिवसा हिंजवडीत नोकरी करायचा. कांजीच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी अक्षरांच्या परीक्षेत वीसपैकी नऊ, फार तर दहा. पण कान विलक्षण तयार. तलवार, शपथ, आघाडी, निर्वासित असले शब्द त्याला अचूक यायचे आणि वॉशिंग मशीनच्या शब्दावर अडायचा. ही भाषा त्याने कुठून उचलली, हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं. गेममध्ये दहा मिनिटं सांगण्याजोगी गोष्ट असते यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून म्हटलं, “कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांग.”

तो म्हणाला, “अकरा वर्षं चाललेल्या गोष्टीचा शेवट आहे.”

मी होकार दिला.

गेमचं नाव ‘फायनल फँटसी चौदा’. जगभरचे लोक एकाच वेळी एकाच जगात वावरतात, तसला. ३० सप्टेंबर २०१० रोजी तो पहिल्यांदा आला आणि पार फसला. मग नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली गेली. त्यांनी डागडुजी करत बसण्याऐवजी ते जगच संपवायचं ठरवलं. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी गेममधल्या आकाशातून एक चंद्र खाली आला, सगळं जळालं आणि सर्व्हर बंद झाले. २७ ऑगस्ट २०१३ रोजी गेम नव्याने सुरू झाला तो त्या प्रलयानंतरच्या पाच वर्षांनी. म्हणजे खऱ्या जगातली फजिती गोष्टीतला प्रलय झाली आणि लोक त्या प्रलयाच्या राखेवर गावं वसवत राहिले. हे त्याने फळ्यावर तारखा लिहून सांगितलं, आणि पाठ केल्यासारखं अजिबात वाटलं नाही. आपल्या घराण्याचा इतिहास सांगावा तसा सांगत होता. तो स्वतः २०२०च्या टाळेबंदीत, साठाव्या पातळीपर्यंतच्या मोफत आवृत्तीतून आत आला होता. भारतात सर्व्हर नाहीत, म्हणून जपानमधल्या सर्व्हरवर खेळायचा. तिथे अनोळखी लोकांबरोबर मोहिमेवर निघताना प्रत्येक जण ‘योरोशिकु ओनेगाइशिमास’, म्हणजे ‘सांभाळून घ्या’, म्हणतो आणि संपल्यावर ‘ओत्सुकारेसामा देशिता’. माझ्या वर्गात मी जे घोकून घेते, ते तो रोज रात्री खऱ्या माणसांना म्हणत होता.

मग त्याने फळ्यावर दोन अक्षरं काढली. पहिलं पहाटेचं, ज्यात डावीकडे सूर्याचं चिन्ह असतं. दुसरं चंद्राचं. “कसं वाचाल?”

पहाटेचं अक्षर एकटं असलं की ‘आकात्सुकि’ असं वाचतात, ते दोघा-तिघांना आलं. जोडशब्द कुणालाच आला नाही. मीही क्षणभर थांबले, कारण रोजच्या जपानीत हा शब्द भेटत नाही.

“ग्योगेत्सु,” तो म्हणाला. “उजाडायला लागलं तरी आकाशात राहिलेला चंद्र.”

ही गोष्ट संपवणाऱ्या विस्ताराचं, म्हणजे गेमला जोडलेल्या नव्या भागाचं, जपानी नाव ‘ग्योगेत्सु नो फिनारे’. इंग्रजीत त्याला ‘एंडवॉकर’ असं अगदी वेगळं नाव आहे. गोष्टीतल्या नायकाच्या सोबत्यांची जी मंडळी आहे तिचं नाव ‘आकात्सुकि नो केत्सुमेई’, पहाटेची शपथबद्ध मंडळी. अक्षर तेच. पहिल्यापासून सोबत असलेली ही मंडळी शेवटी आपली संघटना विसर्जित करते आणि एकेक जण आपापल्या वाटेने जातो. “म्हणून पहाटेचा चंद्र,” तो म्हणाला. “रात्र संपली, तरी तो अजून दिसतोय.” एकाच अक्षराची दोन वाचनं एवढ्या अर्थाने जोडलेली मी शिकवताना कधी दाखवली नव्हती.

पुढे त्याने साबेनेआ नावाच्या बेटाबद्दल सांगितलं. राझाहान हे तिथलं शहर: रंगीत कापडं, किमयागार, हत्तीच्या तोंडाचे लोक. आपल्याकडचा बाज सरळ दिसतो. तिथला राज्यकर्ता एक ड्रॅगन. त्याचं नाव त्याने आधी जपानी उच्चारात सांगितलं, “वुरितोरा.” दोन सेकंद शांतता, आणि मग पुढच्या बाकावरून संस्कृत घेतलेली मुलगी ओरडलीच, “वृत्र!”

ऋग्वेदातला, पाणी अडवून बसलेला, इंद्राने मारलेला वृत्र. इथे मात्र तो शेकडो वर्षं आपल्या माणसांची राखण करतो आणि स्वतःचं अजस्र रूप लपवून एका लहान मुलाच्या बाहुल्यातून लोकांत वावरतो. तिथल्या रानातल्या मोहिमेचं नाव ‘वनस्पती’ आणि तिच्या शेवटी जो राक्षस येतो तो स्वर्भानू, म्हणजे पुराणात सूर्याला गिळणारा राहू. आकाश पेटलेलं असताना स्वर्भानू! हे नाव निवडणाऱ्या जपानी माणसाला मला भेटावंसं वाटलं.

आकाश पेटतं, कारण जगाचा अंत सुरू झालेला असतो. साबेनेआत जो माणूस आशा सोडतो त्याचा तिथल्या तिथे पशू होतो. त्याला पाहून शेजारचा घाबरतो, मग त्याचाही. वडीलधारे सांगत फिरतात, धीर सोडू नका, पण सांगून धीर येत नाही. हे सांगताना त्याचं जपानी सोपं होत गेलं, अगदी पहिल्या पुस्तकातल्यासारखं. “आकाश लाल होतं. लोक रांगेत होते. मी दोन दिवस गेम उघडला नाही.” त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच्या घरी काय झालं होतं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही विचारलं नाही. भजनाचा आवाज तेवढा येत राहिला.

तसाही त्याला शेवट एका दमात बघायला मिळाला नव्हता. २३ नोव्हेंबरचं प्रकाशन योशिदांनी दोन आठवडे पुढे ढकललं. आधी नोंदणी केलेल्यांना ३ डिसेंबरपासून प्रवेश मिळाला आणि मग अशी गर्दी उसळली की आत शिरायला तासन्‌तास रांग. जगभर चिपचा तुटवडा असल्याने नवे सर्व्हर उभारता येत नव्हते. भरपाई म्हणून सगळ्यांना आधी सात आणि मग आणखी चौदा दिवस मोफत दिले गेले. हाप्प्योच्या आठवड्यात तर नव्या प्रतींची विक्रीही थांबवली होती, आत असलेल्यांना नीट खेळता यावं म्हणून. रांगेतला आपला नंबर पडद्यावर हळूहळू खाली येताना तो शेजारी कांजीची वही घेऊन बसायचा. आदल्या आठवड्यात त्याला वीसपैकी सतरा कसे पडले, ते मला तेव्हा कळलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

जपानीत क्रियापदाचं एक ‘ते’ रूप असतं. मराठी मुलांना ते शिकवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम, कारण आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आहे: ‘ऊन’. ताबेते मिरु, खाऊन पाहणे. काइते ओकु, लिहून ठेवणे. कात्ते कुरु, विकत घेऊन येणे. योन्दे शिमाउ, वाचून टाकणे. पाहणे, ठेवणे, येणे, टाकणे, सगळी जोडी जशीच्या तशी बसते. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला जिथे महिने लागतात तिथे मराठी मूल एका तासात हसायला लागतं. पण ‘ते’चं आणखी एक काम आहे. वाक्य तिथेच थांबवलं तर ती विनंती होते. ‘कीइते’ म्हणजे ‘ऐकून’ आणि ‘कीइते’ म्हणजे ‘ऐक ना’ही.

त्या गेममध्ये हाइदेरिन नावाची एक देवता आहे, जगाची आई म्हणावी अशी. नायकाला ती सुरुवातीपासून तीन शब्द सांगत आलेली आहे: “कीइते, कान्जिते, कान्गाएते.” त्याने ते फळ्यावर लिहिले आणि ‘ते’ खाली तीन रेघा ओढल्या.

“इंग्रजीत हे तीन हुकूम आहेत,” तो म्हणाला. “ऐक, अनुभव, विचार कर. मीही तसंच समजत होतो.” मग तो माझ्याकडे वळला आणि त्या तासात पहिल्यांदाच मराठीत बोलला. “पण सेन्सेई, तुम्ही पहिल्याच महिन्यात शिकवलंत ना, ‘ते’ म्हणजे ‘ऊन’. तेव्हापासून मला हे ऐकून, अनुभवून, विचार करून असंच ऐकू येतं. आणि मग वाटतं, विचार करून काय? वाक्य पुरं कुठे झालंय? पुढचं क्रियापद ती सांगतच नाही.”

मी खडू हातात घेऊन उभी राहिले होते, कारण माझ्या सवयीने मी फळ्याकडे निघाले होते. तशीच थांबले.

व्याकरणाच्या बाजूने सांगायचं तर, पुढे क्रियापद नसताना जपानी कान ती विनंतीच ऐकेल. परीक्षेत मी ‘ऐक’ हेच उत्तर बरोबर धरीन. पण हा मुलगा चुकत नव्हता. दोन्ही अर्थ त्या रूपात खरोखरच आहेत, आणि त्याला दुसरा ऐकू आला तो मराठीमुळे. लिहिणाऱ्यांच्या मनात तो होता की नव्हता, याने मला काही फरक पडत नाही.

त्याने पुढची गोष्ट त्या धाग्यावरच नेली. हजारो वर्षांपूर्वी एका माणसाने पक्ष्यासारखी एक मुलगी घडवली आणि तिला व तिच्या बहिणींना दूरच्या ताऱ्यांकडे पाठवलं. प्रश्न एकच विचारायचा: तुम्ही कशासाठी जगता? त्यांना मेलेले ग्रह सापडले. काही युद्धांनी संपलेले, काही असे की जिथे सगळं दुःख संपवल्यावर काही हवंसंच वाटेना. ती सगळी निराशा घेऊन ती मुलगी विश्वाच्या टोकाला जाऊन बसली आणि तिच्या दुःखामुळे आकाशं पेटू लागली. हाइदेरिनला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं, तरी तिने माणसांना उत्तर दिलं नाही. ते त्यांनी चालत चालत स्वतः शोधावं म्हणून ती थांबून राहिली. आणि भेट होते तेव्हा ती विचारते ते एवढंच, की प्रवास चांगला झाला का.

इथे वर्गात ‘प्रवास’ या भाषांतरावरून वाद पेटला. प्रवास कसा झाला, हे आपण शिवनेरीतून उतरलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या देताना विचारतो. मूळ जपानी ‘ताबि’ या शब्दात ते आहेच, पण आयुष्यही आहे. एकाने ‘वाटचाल’ सुचवलं. ते निवृत्तीच्या सत्कारातलं वाटलं. ‘यात्रा’ म्हटलं की पंढरपूर किंवा अमरनाथ. ‘भ्रमंती’त सह्याद्रीचे किल्ले. संस्कृतवाली मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, “प्रवासच ठेवा. आई विचारते तसं. दारात, पिशवी हातातून घेताना.”

तो मान हलवत होता. मास्कमुळे चेहरा अर्धाच दिसत होता.

मी विचारलं, “आणि तू काय उत्तर दिलंस?”

तो जरा थांबला. “अजून ठरवतोय, सेन्सेई.”

दहा मिनिटांचा हाप्प्यो पन्नास मिनिटं चालला होता. ठरलेली बाकीची दोन भाषणं पुढच्या शनिवारवर गेली आणि त्या दोघांनी तक्रार केली नाही. निघताना तो कमरेत वाकून ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणाला आणि बाकीच्या दहाच्या दहा जणांनी ते त्याला परत म्हटलं. रोज म्हणतात, पण त्या दिवशी मला त्या शब्दांतला थकवा ऐकू आला. तुम्ही दमलात, आम्ही ते पाहिलं, असा त्यांचा मूळ अर्थ आहे. देवळातून सुंठवडा आला होता, तो पुड्या करून सगळ्यांना दिला. एक मुलगा जिन्यातच फोनवर तो गेम शोधत होता. विक्री बंद असल्याचं वाचून हिरमुसला.

रविवारी सकाळी सवयीने सहाला जाग आली. गच्चीवर गेले. आदल्या रात्रीची पौर्णिमा, त्यामुळे पश्चिमेला, टाक्यांच्या आणि डिश अँटेनांच्या वर चंद्र जवळजवळ पूर्ण होता, पिवळट आणि मोठा, आणि पूर्वेला उजाडायला लागलं होतं. बावीस वर्षांत हा शब्द मी कुणाला शिकवला नव्हता. फोनमध्ये फोटो काढला. चंद्र ठिपक्याएवढाच आला, तरी त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ग्योगेत्सु’.

एवढ्या सकाळी उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. लगेच आलं.

“मिते इमास.”

बघतोय.